बघण्यापुरती परवानगी

शुक्रवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मी मालकीण झाले. कुणी शुभकार्याचे बोरसोक तळले नाहीत, कुणी आशीर्वादाला तळवे उघडले नाहीत. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक करडी पट्टी आली, 'तोक्तोबूबू यांनी या दप्तराची मालकी तुमच्याकडे सोपवली आहे', आणि मी वाचेपर्यंत निघूनही गेली. मी चहाची वाटी खाली ठेवली. पुन्हा बघितलं. माझ्या नावापुढे सात वर्षं 'व्यवस्थापक' असं होतं, तिथे आता 'मालक' असं आलेलं. तोक्तोबूबू एजेंनी? कोचकोरला, मुलाच्या घरात, खिडकीशी बसून, स्वतःच्या हातानं? ज्यांना सात वर्षांत पासवर्डातलं मोठं अक्षर कसं काढायचं ते जमलं नाही, त्या बाईंनी मालकी सोपवायची सहा पायऱ्यांची वाट एकटीनं चालून काढली? मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण दोनच मिनिटांत मेलिसचा निरोप आला. मेलिस आमचा संचालक, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणून मला एजे, म्हणजे ताई, म्हणतो. 'सालकिन एजे, अभिनंदन. मालकाचं नाव काढता येत नाही, ती अडचण आता सुटली. पाच वाजेपर्यंत त्यांचं नाव काढून टाका. सोमवारी तपासनीस येताहेत.' नियम साधा आहे: जो पटावर नाही, तो दप्तरात नाही. गेलेल्या माणसाची किल्ली त्याच दिवशी परत घ्यायची. एजे सप्टेंबरात निवृत्त झाल्या आणि हा मे महिना. मेलिसचं काही चुकलं नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे नियम मीच लिहिलेला. भिंतीवर चिकटवलाय. माझ्या सहीसकट.

आमचं काम वाळलेल्या झाडांचं. बिश्केकच्या जुन्या भागात, पॉप्लरच्या झाडांच्या रांगेमागे, दोन खोल्या आणि एक थंड तळघर. तळघरात शंभर वर्षांची दाबलेली फुलं, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली. प्रत्येकाचा फोटो काढून, नाव-गाव-तारीख लिहून आम्ही ती इंटरनेटवरच्या सामायिक दप्तरात चढवतो. ओश, नारिन, तालासची माणसं आपापल्या गावातून तिथे लिहितात. कुणी काय बघायचं, कुणी टिपण टाकायचं, कुणी नोंद बदलायची, हे ठरवून प्रत्येकाला तेवढंच दार उघडून देणं म्हणजे माझी नोकरी. सात वर्षांपूर्वी हे दप्तर सुरू झालं तेव्हा अल्माटीहून एक मुलगी शिकवायला आली होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "मालक कोण होणार? मालक एकच असतो, आणि त्याचा शब्द शेवटचा." खोलीत आम्ही अकराजण. सगळ्यांच्या माना एकदम दाराच्या समोरच्या जागेकडे वळल्या. तिथे तोक्तोबूबू एजे बसल्या होत्या, चौसष्ट वर्षांच्या, मांडीवर विणकाम. मोठं माणूस असताना धाकट्यानं मालक व्हायचं? मग मोठ्यानं काय दाराशी चपलांजवळ बसायचं? "अहो, पण मालकाला सगळं तांत्रिक कळायला हवं," ती मुलगी म्हणाली. तेव्हाचा संचालक, आता निवृत्त झालेला, तिला म्हणाला, "कळायचं काम धाकटे करतील. मान त्यांचा." मी कपाळाला हात लावला. अक्कल गहाण ठेवून माणसं आदर करतात, असं मला वाटलं, आणि मी ते पुटपुटलेही. एजेंना ऐकू गेलं असणार. त्यांनी टाका मोजला आणि म्हणाल्या, "मला कुठे सही करायची ते दाखव, बाळ."

त्यानंतर माझे शुक्रवार गेले. आठवड्याभरात आलेल्या विनंत्या, कुणाला आत घ्या, कुणाला काढा, कुणाचा अधिकार वाढवा, त्या मी गोळा करायच्या आणि एजेंच्या टेबलाशी जाऊन बसायचं. सगळं मी तयार ठेवायची, त्यांनी फक्त बटण दाबायचं. पण दाबतील तर शपथ. आधी चहा. वाटीत दोन घोट. ते संपले की पुन्हा दोन घोट. वाटी काठोकाठ भरून दिली की पाहुण्याला निघा म्हटल्यासारखं होतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पण एजे दोन घोटांच्याही पुढे, ओलावा द्यायच्या नुसता. "ही कोण?" "नारिनची नवी मुलगी, एजे." "कुणाची?" "ते दप्तरात लागत नाही हो." "मला लागतं. बदलायचा अधिकार मागतेय. आधी बघू दे तिला. बघून कंटाळली नाही तर टिपणं टाकू दे. मग बदलू दे. चहा कसा देतात?" मी म्हणायची, "एजे, हा चहा नाही, हे दप्तर आहे." त्या म्हणायच्या, "असू दे. माणसं तीच आहेत ना?" आणि काढायचं नाव आलं की हमखास त्यांचा चष्मा हरवायचा. गळ्यातच लटकत असायचा. बटण दिसत नाही, पान उघडत नाही, बोट थरथरतंय, पुढच्या शुक्रवारी बघू. मी दात-ओठ खायची. घरी आईला सांगायची की त्या बाईला नांगराला जुंपायचं सोडून संगणकापुढे बसवलंय. देवा, काय काय बोलले मी.

साडेदहाला मेलिसच्या खोलीत गेले. तो खिडक्या बंद करत होता. पॉप्लरचा कापूस सुटला होता आणि त्याला शिंका येतात. मी म्हटलं, "सोमवारपर्यंत राहू दे की. नुसतं नाव आहे."

"नुसतं नाव?" त्यानं नाक पुसलं. "पंधरा दिवसांपूर्वी त्या नुसत्या नावानं आयरिसच्या फुलांच्या सगळ्या नोंदी कांद्याच्या कुळात नेऊन टाकल्या. त्रेचाळीस. कुणी निस्तरलं ते?"

"मी."

"किती वेळ लागला?"

"दोन दिवस."

"मग माझ्याशी कशाला भांडताय? एजे, मलाही आवडतं का हे? मी त्यांच्या हाताखाली शिकलो. तंबूत त्यांनी मला स्वतःचे मोजे दिलेत." मग टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाला, "पण बाहेरची माणसं यादी बघणार. त्यात एक नाव पटाबाहेरचं, तेही ज्यांना सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नाही, आणि बदलायचा पूर्ण अधिकार. काय सांगू त्यांना? तुमचाच नियम वाचून दाखवू?"

त्याचं खरं होतं. खऱ्याशी भांडायला काही धरायला मिळत नाही. मी माझ्या जागेवर आले आणि कोचकोरला फोन लावला. एजेंच्या सुनेनं उचलला, गुलझिना तिचं नाव. मागे भांड्यांचा आवाज. मी विचारलं, मालकीचं त्यांनी स्वतः केलं का? "स्वतःच केलं, एजे. सकाळी बऱ्या होत्या. मला म्हणाल्या, बाहेर जा, मला काम आहे. अर्ध्या तासानं बोलावलं आणि म्हणाल्या, झालं, आता माझ्या हातून काही मोडणार नाही. काय मोडणार होतं हो?" त्रेचाळीस आयरिस. म्हणजे त्यांना कळलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, मी गुपचूप सगळं जागच्या जागी लावून ठेवलं होतं, तरी कळलं होतं. "देऊ का त्यांना?" गुलझिनानं विचारलं आणि फोन दिलाही. "एजे, मी सालकिन." मग अगदी नम्र, परक्या माणसाशी बोलावं तसा आवाज: "तुमची तब्येत बरी? मुलंबाळं, गुरंढोरं बरी?" मी सगळी बरी आहेत म्हणाले. मला मूल नाही, गुरं तर नाहीतच. गुलझिनानं फोन परत घेतला. "वाईट वाटून घेऊ नका. माझंही नाव कधी असतं, कधी नसतं. पण सकाळचा चहा झाला की संगणक उघडतात, आणि फुलं बघत बसतात. तेवढे दोन-तीन तास मला काही विचारत नाहीत, घाबरत नाहीत, दाराकडे जात नाहीत. परवा लाइट गेली तर रडल्या हो. म्हणाल्या, मला आत घेत नाहीत." एवढं बोलून ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही ते बंद तर करणार नाही ना?"

मी म्हणाले, बघते. दुसरं काय म्हणणार होते?

पाच वाजेपर्यंतचा वेळ मी कसा घालवला ते सांगण्यासारखं नाही. पेन्सिलींना टोकं काढली. तळघरात जाऊन उगाच दोन खोके इकडचे तिकडे केले. तळघरात नेहमी एकच वास असतो, जुना कागद, कापूर आणि कुठेतरी खोल गवत, आणि त्या वासात मला दर वेळी एजे दिसतात, चौकटीत फूल मांडताना पाकळी जिभेच्या टोकाएवढ्या ब्रशनं सरळ करणाऱ्या. तीनला वर आले आणि ठरवलं की एकदाचं उरकायचं. दात उपटतात तसं. त्यांच्या नावावर गेले, 'प्रवेश काढा' वर बोट ठेवलं, आणि बटणाखाली एक ओळ दिसली जी मला सात वर्षांत कधी दिसली नव्हती. 'या दप्तरातील प्रवेशाच्या निर्णयांची नोंदवही.' फक्त मालकाला दिसणारी. मी बटण सोडून ती उघडली. खरं सांगायचं तर टाळायला निमित्त हवं होतं, दुसरं काही नाही. शेकडो ओळी. अमक्याला घेतलं, तमक्याला वाढवलं. सगळे शुक्रवार, सगळ्या दुपारी, माझ्या समोर दाबलेली बटणं. मी खाली खाली जात राहिले आणि चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीशी माझं नाव आलं. विनंती: सालकिन यांचा प्रवेश काढणे. विनंती करणारे: मेलिस. निर्णय: नाकारली. तोक्तोबूबू. सकाळी नऊ बारा. खाली फेब्रुवारीत पुन्हा तेच. मार्चच्या तीन तारखेला पुन्हा. त्या तिसऱ्या ओळीत 'कारण' म्हणून जो रकाना असतो, जो कुणीच भरत नाही, त्यात दोन शब्द होते. 'परत येईल.'

ते चार महिने माझ्याकडे नाहीत. म्हणजे आहेत, पण भिंतीच्या रंगासारखे आहेत. कुबात, माझा धाकटा भाऊ, डिसेंबरात तू-आशूच्या घाटात गाडीसकट खाली गेला आणि चाळिसावा दिवस होईपर्यंत मी सगळं केलं, पाहुणे, मांस, भाकऱ्या, रडणाऱ्यांना पाणी. आणि चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपले ती उठलेच नाही. नवव्या मजल्यावरचं घर, बाहेर कोळशाच्या धुराचं पिवळं आकाश. फोन वाजून वाजून बंद पडला. रजेचा अर्ज करावा हेही सुचलं नाही. पटावरून माझं नाव गेलं असेल हेही नाही. आई जेवण आणून ठेवायची आणि तसंच परत न्यायची. फक्त एक व्हायचं. पहाट उजाडली की मी उशीखालचा लॅपटॉप ओढायची आणि दप्तर उघडायची. ते उघडायचं. दार आपलं असल्यासारखं, रोज, न कुरकुरता उघडायचं. मी फुलं बघायची. सुकलेली, चपटी, नावगाव असलेली. कुठल्या खिंडीत, कुठल्या जुलैत, किती उंचीवर, सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं. त्या दिवसांत तेवढी एकच गोष्ट मला जागच्या जागी वाटत होती. आणि एका सकाळी, बहुतेक फेब्रुवारीत, एका आयरिसच्या समासात टिपण दिसलं. 'ह्या फुलाचा रंग मला फोटोत नीट दिसत नाही. तू बघतेस का?' तोक्तोबूबू. मला राग आला होता, तो आठवतो. इथे माणूस मरतंय आणि या बाईला रंग हवाय! पण मी फोटो मोठा केला, फुलाजवळची चिठ्ठी वाचली, जुन्या अक्षरातला 'जांभळा' शोधला, लिहिला. खाली लिहिलं, 'बघते.' दुसऱ्या दिवशी दुसरं टिपण. 'ही तारीख चुकली का गं? माझा चष्मा सापडत नाही.' तिसऱ्या दिवशी तिसरं. रोज एक. कधी दोन नाहीत. दोन घोट. भेटायला त्या आल्या नाहीत, ऊठ म्हणाल्या नाहीत, दुःख आवर म्हणाल्या नाहीत. बाकी सगळं शहर ते म्हणून गेलं होतं. एप्रिलात एका पानाची चिठ्ठी फाटकी निघाली, फोटोवरून लागेना, मूळ कागद बघायलाच हवा होता. तेव्हा मी उठले, केस धुतले, मार्शुत्का पकडली आणि तळघरात गेले. एजे तिथे होत्या. म्हणाल्या, "आलीस? तो दिवा जरा वर धर." मेलिसनं मला पुन्हा पटावर घेतलं. चार महिने माझी किल्ली चालत होती याला मी यंत्रणेतला ढिसाळपणा समजले. आणि तो बंद करावा म्हणून, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसा तो नियम लिहिला. भिंतीवरचा.

मी रडले. खोलीत ओशहून आलेला एक पाहुणा अभ्यासक होता, त्याला वाटलं पॉप्लरचा कापूस डोळ्यांत गेला असेल. इतकी वर्षं मी शुक्रवारी त्यांच्यासमोर बसून सुस्कारे टाकले; "एजे, हे बटण, हे इथे, निळं," असं तान्ह्या पोराला सांगावं तसं सांगितलं; आणि त्या मान हलवायच्या, "हे होय? बरं बाई." सगळी बटणं ठाऊक होती त्यांना. चष्मा गळ्यातच होता. मोठ्या माणसाला काही कळत नाही हे सगळ्यांनी किती आनंदानं मान्य केलेलं असतं, आणि त्या आडोशाला बसून त्यांनी किती जणांना सांभाळलं असेल! मी नोंदवहीत अजून वर-खाली केलं असतं तर आणखी नावं सापडली असती. नाही केलं. ती त्यांची शुक्रवारची कामं, मी काय मोजायची? मला एवढंच वाटत राहिलं की मी जिवंत आहे, केस धुते, चहा पिते, धाकट्यांवर डाफरते, हे सगळं त्या तीन ओळींवर उभं आहे, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आभार मानायला जावं तर पलीकडे मला कुणी ओळखत नाही. गुरंढोरं बरी का, म्हणतात.

पावणेपाचला मी दोन गोष्टी केल्या. एजेंच्या नावापुढचा 'बदलणे' हा अधिकार काढला. तो काढायलाच हवा होता. त्यांनी स्वतःच सकाळी, शुद्धीत असताना, सुनेला तेच सांगितलं होतं. 'बघणे' आणि 'टिपण टाकणे' ठेवलं. मग दप्तरात आलेली मेलिसची नाव काढायची विनंती उघडली, नाकारली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आत आहेत.' आणि त्याला फोन केला, कारण भिंतीपलीकडे बसलेल्या माणसाला तोंड दाखवायचं मला धैर्य नव्हतं.

"मेलिस, एजेंचं नाव काढायचं बटण मला सापडत नाही."

तो म्हणाला, "तुम्हाला."

"हो."

"सालकिन एजे, ते बटण कुठे असतं ते तुम्ही मला शिकवलंत. तालासच्या लोकांना शिकवलंत. चित्रं काढून पुस्तिका केलीत."

"वय झालं रे. एजेंनंतर या खोलीत मीच मोठी. दिसत नाही हल्ली."

तो शिंकला. मला वाटलं आता आवाज चढणार, आणि चढला असता तर मी ऐकून घेतला असता. पण तो हळू म्हणाला, "तुम्ही नोंदवही बघितलीत."

"बघितली."

"नाकारलं की मला सूचना येते, एजे. तेव्हाही येत होती. तीनदा आली." त्यानं नाक ओढलं. "पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो भांडायला. म्हणाल्या, पान उघडत नाही बाळा, म्हातारं माणूस. चहा दिला. दोन घोट. दुसऱ्यांदा गेलो. तिसऱ्यांदा गेलोच नाही. ती विनंती मी फक्त कागदोपत्री दिसावी म्हणून पाठवली होती." मग एकदम संचालकाच्या आवाजात: "बघण्यापुरतंच ठेवलंय ना?"

"बघण्यापुरतं, आणि टिपणाचं."

"तपासनिसांना मी सांगेन की संग्राहक आहेत, रंग त्यांनाच विचारावे लागतात. हे खोटं नाही. आणि भिंतीवरचा तो कागद तेवढा काढा, सोमवारच्या आत. आणि चष्मा करून घ्या, लोक हसतील."

मी उठून कागद काढला. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडा निघाला. पुन्हा येऊन बसले तेव्हा स्क्रीनवर एजेंच्या नावाशेजारी हिरवा ठिपका होता. सकाळची वेळ नव्हती, तरी त्या आत होत्या. आयरिसच्या कुळात. मी त्याच पानावर गेले, सत्तरच्या दशकातलं, सोन-कुलच्या वरच्या कुरणातलं फूल. संग्राहक म्हणून त्यांचंच नाव, आणि रंगाचा रकाना रिकामा. हे काही निमित्त नव्हतं. फूल पन्नास वर्षांत कागदासारखं तपकिरी झालेलं आणि ते उमललेलं बघितलेलं एकच माणूस शिल्लक. समासात मी लिहिलं, 'ह्या फुलाचा रंग मला फोटोत नीट दिसत नाही. तुम्ही बघता का?' नाव घातलं नाही. नावाचा काय उपयोग होता?

चहा गार झाला होता. नवा ओतला, सवयीनं वाटीत दोनच घोट, आणि थांबले. पाच वाजले, ओशचा पाहुणा निरोप घेऊन गेला, मेलिसनं जाताना दारावर टकटक केली आणि आत बघितलं नाही. हिरवा ठिपका तिथेच होता. सव्वापाचला समासात ओळ उमटली.

'बघते.'